सोनीबाईचा कवडू

बैल हाकायची तुतारी कवडूच्या पाठीवर तुटली, तेव्हा खळ्यावरचे बैलसुद्धा जागच्या जागी थांबले. भैयाजीनं हातात उरलेला तुकडा भिरकावला, पेंढ्याखालचं दांडकं उचललं आणि पुन्हा सुरुवात केली. कवडू गुडघ्यांवर आला होता. कॉलेजातला पांढरा सदरा रक्तानं पाठीला चिकटला होता.

"दोनदा नापास! माह्या घरचं खाऊन दोनदा!"

मळणीला आलेली माणसं सुपं हातात धरून उभी होती. भैयाजी तापला की त्याच्या वाटेला ब्रह्मपुरीचा फौजदारही जात नसे, तिथं ह्यांची काय टाप! दांडकं खांद्यावर बसलं, मग कानाजवळ. कवडूच्या डोळ्यांपुढं अंधारी आली.

त्यानं काही लपवलं नव्हतं. चांद्याच्या कॉलेजात इंग्रजीतलं व्याख्यान त्याच्या डोक्यावरून जाई. दिवाळीआधी तो इंग्रजीत आणि गणितात आपटला, तेव्हा त्याला पुढच्या परीक्षेपर्यंत नजरेखाली ठेवलं. त्या परीक्षेतही तो आपटला. आता प्रिन्सिपॉलसाहेबांनी शेवटचं सांगितलं होतं: वडिलांना घेऊन ये. ते तुझ्यासाठी जामीन राहिले, तर वार्षिक परीक्षेपर्यंत ठेवतो. नाहीतर वर्षभर निलंबित. हे वर्ष कसलं असेल ते कवडूला पक्कं ठाऊक होतं. गावात वर्षभर बसलेल्याच्या हाती नांगर देतात, नंतर बायको आणून देतात, आणि मग कॉलेजचं नाव कुणी काढत नाही.

"भैयाजी, कोनाच्या पोट्ट्याले मारून राह्यला तू?"

नदीवर मासे धरणारी म्हातारी सोनीबाई ओल्या लुगड्यानिशी खळ्यात शिरली होती. भैयाजीचा हात वरच राहिला.

"सूपभर कोंडा देऊन इकत घेतला मी त्याले. तुह्या मनकर्णानं माह्या ओटीत टाकला. माहा पोट्टा हाये तो. मारायचा असन तं मले इचारून मार!"

ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. भैयाजीच्या बायकोची, मनकर्णाची, आधीची तिन्ही लेकरं पाळण्यातच गेली. म्हणून हा जन्मला तेव्हा रीतीप्रमाणं त्याला दुसरीला विकला आणि कवडीमोल नाव ठेवलं. काळानं दारात येऊन पाहावं, तर त्या घरचं पोर नाहीच! तेव्हापासून भैयाजीनं त्याला कधी 'माझा' म्हटलं नव्हतं. कुणी विचारलं तर 'सोनीबाईचा' म्हणून मोकळा होई. पोसायचा, शिकवायचा, बडवायचा बापाच्या हक्कानं. फक्त आपला म्हणायचा नाही. कवडूही त्याला साऱ्या गावासारखं भैयाजीच म्हणे. लहानपणी त्याला याची गंमत वाटायची. पुढं पुढं वाटेनाशी झाली.

भैयाजीनं सोनीबाईला असा धक्का दिला की ती भुशात जाऊन पडली. पण दांडकंही त्यानं टाकलं. घागरीतलं पाणी घटाघटा प्यायला आणि तोंड पुसत म्हणाला, "सकाळच्या गाडीनं चांद्याले जाऊ."

छोट्या आगगाडीत दोघं समोरासमोर बसले. कवडूला पाठ टेकता येत नव्हती. भैयाजी सबंध वाटभर खिडकीबाहेरचं जंगल बघत राहिला.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी भैयाजीला खुर्ची दिली. तो बसला नाही. शेजारी वसतिगृहाचे रेक्टर गुणवंतराव उभे होते.

"तुम्ही कवडूचे वडील?"

भैयाजीच्या कपाळावर घाम आला. "माह्या घरी रायते थो."

"राहतो, ते ठीक. पण मुलगा तुमचाच ना?"

शिपायानं दारातून डोकावून पाहिलं. कवडूनं बापाकडं पाहिलं. एक शब्द हवा होता. ह्या परक्या मुलखात, चार भिंतींच्या आत, हळू आवाजात म्हटला असता तरी चाललं असतं.

"आमच्या गावच्या सोनीबाईचा हाये," भैयाजी म्हणाला.

"सर, ते तसं म्हणत नाहीत. आमच्याकडं रीत आहे..." कवडू घाईनं सांगू लागला.

"रीत?" गुणवंतराव पुढं आले. "सर, मागच्या सालीही एकानं असाच भाड्याचा बाप आणून उभा केला होता. हरामखोर!"

पहिली थप्पड कवडूच्या तोंडावर बसली. दुसरी नाकावर. मग गुणवंतरावांनी त्याचे केस धरले आणि त्याचं डोकं कपाटावर आपटलं. काच फुटली. कवडूच्या नाकातलं रक्त हनुवटीवरून सदऱ्यावर ठिबकू लागलं.

तिसऱ्यांदा हात उठला तो खाली आलाच नाही. भैयाजीनं तो मनगटात धरून पिरगाळला आणि दुसऱ्या हातानं गुणवंतरावांचा गळा धरला. खुर्ची उलटली. ते भिंतीवर आदळले, त्यांचे पाय जमिनीवरून सुटले.

"माहा पोरगा हाये! माह्या रक्ताचा! त्याले हात लावला तं जीव घेईन तुहा! माहा पोरगा हाये थो!"

शिपाई आणि साहेब दोघांनी मिळून त्याची बोटं गळ्यावरून सोडवली. गुणवंतराव खोकत खाली बसले.

मग साहेबांनी उलटलेली खुर्ची स्वतः उभी केली.

"गुणवंतराव, आधी हात तुम्ही उचललात," ते म्हणाले. "कवडू, नाक धू आणि वर्गात जा. वार्षिक परीक्षेपर्यंत तुला ठेवला. बाप कोण, ते मी पाहिलं."

कवडूला हसू आलं, रडूही आलं. एकोणीस वर्षं जो शब्द ऐकायला जीव आसुसला होता तो मिळाला, आणि कॉलेजही मिळालं. तो बाहेर आला, व्हरांड्यातल्या नळावर त्यानं तोंड धुतलं आणि वळून पाहिलं.

भैयाजी खांबाला धरून उभा होता. चेहरा राखेसारखा झाला होता. तोंडावर हात दाबून धरला होता, बाहेर पडलेलं काही परत आत कोंबता येतं का बघावं तसा.

"चाल घरी," तो म्हणाला.

"मले ठेवलं ना, भैयाजी. आयकलं नाई का?"

"घरी चाल. इथी नाई ठेवत मी तुले. माह्या नजरेसमोर राय."

"वर्ष गेलं तं मी परत येनार नाई. तुमाले ठाऊक हाये."

"नको येऊ. जित्ता राय."

घंटा झाली. पोरं व्हरांड्यातून वर्गाकडं पळू लागली. भैयाजीनं कवडूचं मनगट धरलं आणि तो फाटकाकडं निघाला. रस्त्यावरून एक मालमोटार गेली, तसा तो दचकला आणि त्यानं कवडूला भिंतीशी ओढून आडवा हात धरला. कवडूनं हिसका दिला. भैयाजीनं दुसराही हात मनगटावर ठेवला.

मारणाऱ्या हातातून निसटायला कवडू लहानपणीच शिकला होता. हे दोन्ही हात मारत नव्हते, आणि ते कसे सोडवायचे हे त्याला ठाऊक नव्हतं.