वकीलसाहेबांच्या दारातला बाक

मी एक जुना बाक आहे मित्रांनो, पण जुना म्हणून मला कमी लेखू नका. मी कडुलिंबाचा आहे. वाळवीची माझ्याकडे फिरकायचीसुद्धा हिंमत नाही! सत्तर साली अंबडच्या बद्रीनाथ सुताराने मला घडवले, तेव्हा अण्णासाहेब वकिलांनी त्याला एकच गोष्ट बजावली होती, "पाच माणसं बराबर बसली पाह्यजेत."

अण्णासाहेब हे त्यांच्या वस्तीतले पहिले वकील. त्यांच्या वडिलांना कचेरीत जन्मभर जमिनीवरच बसावे लागले होते. म्हणून साहेबांनी आपल्या दारात एक नियम केला. मोठा जमीनदार असो की ऊसतोड मजूर, आधी माझ्यावर बसायचे. "बसल्याबिगर मी कागद हातात घेत न्हाई," असे ते ठणकावून सांगत. नवे माणूस आधी माझ्या टोकाला अवघडून टेके आणि घटकाभराने ऐसपैस बसे. ते पाहून मला फार अभिमान वाटे.

बाहत्तर साली साहेब जिल्हा परिषदेवर निवडून आले. विजयाचे भाषण त्यांनी माझ्यावर उभे राहून केले. मी जरासुद्धा डगमगलो नाही. पण पुढे पुढाऱ्यांची ऊठबस वाढली, वेताच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी शेजारच्या बोळात झाली. अंगावर खळीचे डबे आणि उरलेली पत्रके! खरे सांगतो, मला रडू आले नाही, संताप आला.

एके दिवशी कुंभार पिंपळगावच्या मालनबाई येऊन दाराबाहेर जमिनीवर बसल्या. दुपार कलली तरी त्या आत जाईनात. पाहुण्यांना निरोप द्यायला साहेब बाहेर आले, तेव्हा कुठे त्या त्यांना दिसल्या.

"मालनबाई, आत का आल्या न्हाईत?"

"दोनदा येऊन गेल्ते, साहेब. बाकडं दिसलं न्हाई. बसल्याबिगर तुम्ही कागद घेत न्हाई, अन् बाकडंच न्हाई. मंग वाटलं, तुम्ही आमचं काम सोडलं." त्यांनी पदराची गाठ सोडून नोटीस दाखवली. त्यांच्या शेतावर दुसऱ्याचे नाव लागणार होते आणि हरकत घ्यायचा तो शेवटचा दिवस होता.

साहेबांचा चेहरा उतरला. पाहुण्यांना तिथेच उभे ठेवून ते बोळात शिरले, डबे खाली लोटले आणि मला एकट्याने ओढत दारात आणले. कोऱ्या सदऱ्याला खळ लागली, तिकडे त्यांचे लक्षच नव्हते. मालनबाई बसल्या. शेजारी साहेब बसले. माझ्यावरच अर्ज लिहून झाला, मालनबाईंनी अंगठा उठवला आणि कचेरी बंद व्हायच्या आत दोघे तिथे पोहोचले. मालनबाईंचे शेत मालनबाईंच्याच नावावर राहिले.

दुसऱ्या दिवशी खुर्च्या बोळात गेल्या आणि पुढारीही माझ्यावर बसू लागले. एक-दोघे कुरकुरले, पण बसले!

मित्रांनो, माझा एक पाय आता बदललेला आहे, जागा मात्र तीच आहे. तुम्हीही मोठे व्हाल, तुमच्याही दारात खुर्च्या येतील. खुशाल येऊ द्या. पण आमच्यासारख्या बाकाला तेवढे हलवू नका. तो दिसला नाही, तर कुणीतरी काही न बोलता माघारी जाईल आणि तुम्हाला ते कळणारसुद्धा नाही.