हात बगलेत

थोरल्याने वायर ओढली तसा ॲम्प्लिफायरमधून काठी मोडल्यासारखा आवाज आला आणि धाकट्याचं वाजवणं अर्ध्यावर तुटलं.

"पुरे. कानाशी डास आल्यासारखं वाटतंय."

धाकट्याची बोटं अजून तारांवरच होती. वायर निघाली की विजेची गिटार मुकी होते, नुसत्या तारा कुरकुरतात. तो आणखी दोन सूर तसेच मुके वाजवून थांबला.

"वायर लाव, दादा."

"लावतो. आधी कबूल कर, ही तुझी फेंडर गिटार म्हणजे खेळणं आहे."

खोली टायरच्या दुकानाच्या वर होती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. खाली कुणाच्या तरी चाकात हवा भरत होते आणि फरशीतून ती धडधड पायांना लागत होती. कोपऱ्यात ड्रमच्या मागे बसून ड्रमर आपल्या काठ्यांना चिकटपट्टी गुंडाळत होता. त्याच्या पोटामुळे सगळे त्याला पिंप म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ देई. दुपारी गायिकेची गाडी यायची होती. तिच्याबरोबर गावोगाव वाजवत फिरायचं, आणि त्यासाठी तिने पिंपबरोबर या दोघा भावांना निवडलं होतं. कुणी मागे हटलंच तर तिचा जुना टकला गिटारवाला बॅग भरून तयार होता. पण निवड झाली त्याच दिवशी धाकट्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "आम्ही दोघं येऊ, नाहीतर कुणीच नाही." तेव्हा थोरला हसला होता.

कुठल्या कंपनीची गिटार चांगली, हा वाद तसा घरचाच. जेवताना मीठ लागतं तसा तो दोघांना रोज लागायचा.

"खेळणं म्हण, काही म्हण," धाकटा म्हणाला. "फेंडर गळ्यात घालून अख्खा कार्यक्रम काढला तरी खांदा तक्रार करत नाही. आणि आवाज बघ. सकाळी नळाला पाणी यावं तसा. स्वच्छ."

"आणि त्या नळासारखीच गुणगुणते. तू थांबलास तरी ती थांबत नाही. बायको करशील तर अशी करू नकोस."

पिंप फिस्सकन हसला.

"तुझ्या गिब्सनला गिटारवाला नको, हमाल पाहिजे. उचलतानाच माणसाचा अर्धा कार्यक्रम होतो."

"वजन आहे म्हणून सूर टिकतो. एक सूर लावायचा, चहा पिऊन यायचं. सूर जिथल्या तिथे उभा."

"हल्ली चहाच पितोस. वाजवतोस कुठे?"

थोरल्याचं हसू जागच्या जागी थांबलं. त्याची गिब्सन सकाळपासून पेटीतच होती. तारा बदलायच्यात, असं तो आल्या आल्या म्हणाला होता.

"दोघं आयबानेझ घ्या," पिंप मध्ये पडला. "सडसडीत मान, बोट घसरगुंडीवरून गेल्यासारखं जातं. मिटलं भांडण."

"बडवणाऱ्यांनी तारांत पाय घालू नये," दोघं जवळजवळ एकाच वेळी म्हणाले, आणि एरवी इथेच हा वाद हसण्यावारी गेला असता.

आज गेला नाही.

"आयबानेझवाल्यांना निदान बोटं पळवता येतात," थोरला म्हणाला. "याला काय येतं? मी वाजवलं की दोन पावलं मागून तेच वाजवायचं. बाबा म्हणायचे ना, धाकटा म्हणजे नुसता पडसाद."

"बाबा असं कधी म्हणाले नाहीत."

"तुझ्यासमोर कसे म्हणतील?"

धाकट्याने गिटार गळ्यातून काढून स्टँडवर ठेवली. रागावलेला माणूस इतक्या हळू हाताने वस्तू ठेवतो तेव्हा जवळच्यांनी सावध व्हावं. पिंपने काठ्या खाली ठेवल्या. थोरल्याने मात्र पाय उचलला आणि स्टँडला लाथ घातली. फेंडर तोंडावर आपटली. वरची एक खुंटी वाकडी झाली, तार तुटली आणि फरशीवर वळवळत राहिली.

धाकटा दोन्ही हात बगलेत खुपसून त्याच्यावर धावला.

बाहेरच्या माणसाला हे दृश्य हसू आणणारं वाटलं असतं. पण या दोघांची भांडणं लहानपणापासून अशीच. वडील स्वतः वाजवणारे. पोरांनी एकमेकांचे कपडे फाडले, केस उपटले तरी ते डोळ्यांवरचा पेपर काढत नसत. मूठ वळलेली दिसली की मात्र पट्टा निघायचा. "डोकी फोडा," ते म्हणत. "डोकं देव सांधून देतो. बोटं नाही देत." तेव्हापासून हात बगलेत. लाथ चालते, गुडघा चालतो, कपाळ चालतं, खांदा चालतो. आजूबाजूच्या बँडवाल्यांनीही ही पद्धत उचलली होती, आणि ड्रमर मंडळी तिला कोंबड्यांची झुंज म्हणत. पण कोंबडं मारायला उठलं की मारतंच.

धाकट्याचा खांदा थोरल्याच्या बरगडीत बसला. थोरला गादीच्या भिंतीवर आदळला, तिथूनच उसळी घेऊन त्याने कपाळ धाकट्याच्या नाकावर आणलं. ओलं लाकूड तुटावं तसा आवाज झाला. रक्त आधी ओठांवर, मग हनुवटीवर, मग पांढऱ्या शर्टावर आलं. हा शर्ट धाकट्याने गाडीसाठी घातला होता.

"पुरे रे," पिंप म्हणाला. "अरे, भाऊ आहात."

धाकट्याने गुडघा घातला. थोरला पोटातून वाकला आणि वाकल्या वाकल्याच त्याने धाकट्याच्या नडगीवर टाच मारली. दोघं एकत्र पडले. हात न वापरता पडणारा माणूस पोत्यासारखा पडतो. धाकट्याची कानशिलाजवळची कातडी ॲम्प्लिफायरच्या कोपऱ्याने सोलली गेली. ड्रमची एक थाळी स्टँडसकट कोसळली आणि तिचा झणझणाट दोघांच्या अंगावरून गेला. फरशीवर लोळत, एकमेकांना कोपरं हाणत, ते गाद्यांच्या भिंतीपर्यंत गेले आणि तिथून परत आले. थोरल्याने एकदा कचकन खांद्याला चावा घेतला. धाकटा ओरडलासुद्धा नाही. त्याने डोकं मागे नेऊन पुरत्या ताकदीने भावाच्या भुवईवर आणलं आणि ती भुवई मधोमध उघडली.

"जा ना," थोरला धापा टाकत म्हणाला. डोळ्यात रक्त उतरल्यामुळे तो एकाच डोळ्याने बघत होता. "एकटा जा. तुझ्याबरोबर स्टेजवर उभं राहायची लाज वाटते मला."

"एकटा नाही जाणार."

"जा म्हणतो ना, भिकारड्या."

"तू नाही तर मीही नाही." धाकटा भिंतीला पाठ लावून उठला. नाकातून शब्द नीट येत नव्हते. "झालं तुझं समाधान? आता खाली जातो, गाडी आली की सांगतो, टकल्याला बोलवा. आणि येताना बर्फ आणतो तुझ्या थोबाडासाठी."

तो दाराकडे वळला. थोरल्याने मागून येऊन त्याला खांद्याला धरून फिरवलं आणि तोंडावर ठोसा मारला.

डाव्या हाताचा.

मुठीची हाडं दातांवर वाजलेली खोलीत सगळ्यांना ऐकू आली. पिंप उभा राहिला. खाली हवा भरणं बंद झालं होतं. धाकटा दाराच्या चौकटीला टेकून तसाच उभा राहिला. ओठ फाटला होता, एक दात हलत होता, आणि त्याचं लक्ष यातल्या कशाकडेच नव्हतं.

गिटारवाल्याचा उजवा हात तार छेडतो. ते एक वेळ निभावून नेता येतं. सूर दाबतो तो डावा. या डाव्या हाताने थोरला कधी बादली उचलत नसे. गाडीचं दार लावताना तो हात आधी छातीशी घेई. लग्नघरी लोक हातात हात घ्यायला आले की त्याचा उजवाच पुढे येई.

"दादा, हात," धाकटा म्हणाला.

"काही नाही झालं."

"दाखव हात."

त्याने भावाचं मनगट पकडलं. मुठीवरची कातडी दोन ठिकाणी फाटली होती. अंगठा उघडला. तर्जनी उघडली, मधलं बोट उघडलं. शेवटची दोन बोटं तळव्याला चिकटून तशीच राहिली.

"मोडली वाटतं," पिंप जवळ येऊन पुटपुटला.

धाकट्याने ती दोन बोटं एकेक करून सरळ केली. थोरला कळवळला नाही. मोडलेलं बोट धरलं तर माणूस छतापर्यंत उडतो. धाकट्याने बोटं सोडली. ती सावकाश, संध्याकाळी मिटणाऱ्या पाकळीसारखी, पुन्हा आत वळली. त्याने पुन्हा सरळ केली. ती पुन्हा वळली. त्यांच्यात ताज्या दुखापतीचं काही नव्हतं. असं आत वळणं ही त्यांची रोजची वाट होती.

खोलीच्या कोपऱ्यात गिब्सनची पेटी उभी होती. तिच्या कड्यांवर धूळ होती. धाकट्याने एकदा तिकडे पाहिलं. गेल्या कित्येक कार्यक्रमांत प्रत्येक अवघड जागा आली की दादा मागे सरायचा. तू घे, मला कंटाळा आलाय. तू घे, लोकांना तुझंच आवडतं. धाकटा घेत गेला होता. खुशीत घेत गेला होता.

थोरल्याने हात हिसकावून घेतला आणि पटकन बगलेत घातला.

"काय बघतोस? मोडली असतील."

धाकट्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. पुसायला हवं त्यापेक्षा जास्त वेळ पुसलं.

"हो," तो म्हणाला. "मोडली असतील."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, मग लांबलचक.

थोरला त्याच्याकडे बघत नव्हता. तो दाराकडे बघत होता, दाराने आता तरी काही करावं अशा नजरेने. धाकटा थांबला तर उद्यापासून दोघांच्या चार हातांतला एकही वाजणार नव्हता, आणि रोज सकाळी थोरल्याला उठून तेच बघायचं होतं. सकाळपासूनचं ते डास, पडसाद, भिकारडा, लाज, सगळं धाकट्याने निघून जावं यासाठीच होतं. थोरल्याला समजवायला कधीच जमलं नाही. ढकलायला जमायचं.

धाकट्याने फेंडर उचलली. तुटलेली तार गुंडाळून खिशात टाकली, वाकडी खुंटी अंगठ्याने चाचपली, गिटार पिशवीत घालून चेन ओढली. पिशवी पाठीला लावून तो दारापर्यंत गेला आणि वळला.

"ऐक," तो म्हणाला. आवाज घोगरा निघाला म्हणून त्याने खाकरून रक्त थुंकलं आणि पुन्हा सुरुवात केली. "तुझी ती गिब्सन जळणाला लायक आहे. आणि तू तिच्याहून. मी चाललो. तुझ्यावाचून माझं काहीही अडत नाही. यापुढे मला फोन करायचा नाही, कुठे आहे विचारायचं नाही."

पिंप आ वासून बघत राहिला.

थोरल्याचे खांदे खाली आले. इतका वेळ ते किती वर होते, ते आता कळलं.

"नीघ मग," तो म्हणाला. "तोंड काळं कर."

जिन्यावर पिंपने आधी आपल्या सामानाची एक खेप खाली नेली, मग दुसरी. धाकटा मधल्या पायरीवर भिंतीला कपाळ लावून उभा होता. दुसऱ्या खेपेला पिंपने त्याला कोपराने ढोसलं, तेव्हा तो चालू लागला.

गाडीत पुढे ड्रायव्हर, मागे गायिकेचं सामान. त्या सामानात दोघांनी जागा केली. ड्रायव्हरने आरशातून धाकट्याचं तोंड पाहिलं आणि काही न विचारता पुसायचं फडकं मागे दिलं.

"तू त्याचा हात बघितलास ना?" पिंप हळूच म्हणाला.

"बघितला."

"मोडलेला नव्हता तो."

"नव्हता."

"मग असं बोलतात? सख्ख्या भावाला? आजारी माणसाला?" पिंपचे डोळे भरून आले होते. "दगड आहेस का रे तू?"

धाकट्याने काच खाली केली, कमरेपर्यंत अंग बाहेर काढलं आणि वरच्या खिडकीकडे बघून होता नव्हता तेवढा आवाज लावला.

"जळाऊ लाकूड! ऐकलंस का? वखारीत नेऊन टाक!"

टायरच्या दुकानातले लोक बाहेर आले. वरची खिडकी धाडकन उघडली. आधी एक शिवी आली. ती ठणठणीत, मोकळ्या गळ्याची होती. मग एक चप्पल आली, गाडीच्या टपावर आपटली आणि उडून रस्त्यापलीकडे गटाराच्या कडेला जाऊन पडली.

पिंपने दाराच्या कडीला हात घातला. "देऊन येतो."

"राहू दे."

"अरे, एका पायाने चालेल का तो?"

"घ्यायला तो स्वतः खाली येईल," धाकटा म्हणाला. त्याने काच वर घेतली आणि फडकं तोंडाला दाबून धरलं, त्यामुळे पुढचे शब्द ड्रायव्हरला नीट ऐकू आले नाहीत, पुन्हा सांगावे लागले.

"तो खाली यायच्या आत गाडी काढा."