मामंजींच्या घशातली कुडी

बावन्न साली निर्जळी एकादशीला आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे त्र्यंबकराव, चक्कर येऊन पडले. शेजारच्या हरिहरकाकांना नाडी बघायची भारी हौस. मनगट धरलं न धरलं तोच म्हणाले, "आटोपलं! भुईवर घ्या. गंगा, तुळस, सोनं आणा."

माझे यजमान ठाकुर्लीच्या पॉवरहाउसात ड्यूटीवर. घरात मी एकटी. जाणाऱ्याच्या तोंडात सोनं ठेवायचं ते कणभर, पण त्या घाईत कणभर कुठून आणू? कानातली कुडी काढली नि ठेवली जिभेवर. वरून गंगेचं पाणी सोडलं. तर मामंजींनी घटकन गिळलं की हो! डोळे उघडून म्हणाले, "शुभदा, घशात काय टोचतंय गं?"

हरिहरकाका दारापर्यंत पळाले. आज हसू येतं, तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. मामंजींना थुंकीसुद्धा गिळवेना. त्यात आमचं दोघांचं रोज वाजायचं, ते साऱ्या डोंबिवलीला माहीत. काही बरंवाईट झालं असतं तर लोक म्हणाले असते, सुनेनेच सासरा मारला.

काका दारातून म्हणाले, "केळं भरव, खाली जाईल."

"तुम्ही आता एक अक्षर बोलू नका!" मी ओरडले आणि मामंजींना घेऊन ठाण्याचं इस्पितळ गाठलं.

एक्सरेत माझी कुडी लख्ख दिसली. "ही गिळली कशी?" डॉक्टर गुरुदत्तांनी विचारलं. लाज गिळून मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "दांडा अन्ननलिकेत रुतलाय. भोक पडलं तर जिवावर बेतेल."

घसा बधिर केला, मान मागे टाकली आणि टोकाला दिवा असलेली सरळ नळी आत उतरवली. मी दाराबाहेर रामरक्षा म्हणत होते, मधल्या ओळीच आठवेनात मेल्या! नळीतून लांब चिमटा घालून डॉक्टरांनी दांड्याचं टोक आधी नळीत ओढून घेतलं, ओरखडा नको म्हणून. मग नळी नि कुडी दोन्ही बाहेर.

मी आत धावले. "मामंजी, चुकले हो मी!" म्हणत ढसाढसा रडले.

नर्सने विचारलं, "आजोबा, या कोण तुमच्या?"

मामंजी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माझी मुलगी. खरी वेळ येईल तेव्हाही सोनं हिनेच घालायचं. फक्त आधी मला विचारून."