पर्समध्ये राहिलेला चष्मा

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. एक काडी दोऱ्याने बांधलेली, काचांवर ओरखडे, आणि स्वभाव म्हणाल तर भारी चुळबुळ्या. डबीत पडलो की माझा जीव नुसता वरखाली होतो. त्याला कारणही तसंच घडलं.

भिंगारच्या बाजारात विमलबाईंनी मला घेतलं, तेव्हा त्या दवाखान्यात आयाचं काम करायच्या. माझ्यातून त्यांनी औषधांच्या बाटल्यांवरची नावं वाचली, तांदळातले खडे वेचले. निवृत्तीच्या पैशातून दोन खोल्या बांधल्या, तेव्हा सिमेंटची पावतीसुद्धा मला लावूनच वाचली. "ह्यो चष्मा न्हाई तर मी आंधळीच," असं त्या ज्याला त्याला सांगायच्या. मी अगदी फुगून जायचो.

मग त्यांचा भाचा महेंद्र याने सावेडीत लोखंडी गेट बनवायचं वर्कशॉप काढलं. कर्जासाठी बँकेला जामीनदार हवा होता. "आत्या, नुसती ओळखीपुरती सही हाय," तो म्हणाला. त्यालाही तसंच वाटत होतं.

बँकेत जाडजूड कागद पुढे आले. विमलबाईंचा हात पर्समध्ये, थेट माझ्या डबीपर्यंत आला. आता काढतील! पण हात मागे गेला. घरचं पोर शेजारी बसलेलं, त्याच्यादेखत कागद वाचायचा म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं होईल, असं त्यांना वाटलं. साहेबांनी बोट ठेवलं तिथे त्या सह्या करत गेल्या. मी आत नुसता तडफडलो.

पुढे एका बड्या गिऱ्हाइकाने महेंद्रला बुडवलं. हप्ते थकले आणि नोटीस आली ती विमलबाईंच्या दारात. त्या दिवशी मात्र मला बाहेर काढलं. नोटिशीत लिहिलं होतं, महेंद्रने कर्ज फेडलं नाही, तर ते जामीनदाराने फेडायचं. नाहीतर घरावर जप्ती येऊ शकते. माझ्या काचा ओल्या झाल्या. मला फार राग आला, खरं सांगतो.

मोफत सल्ला देणाऱ्या यशोधरा वकिलांनी विचारलं, "मावशी, सही करताना चष्मा नव्हता का?"

"हुता की. पर्समधी."

वकीलबाई रागावल्या नाहीत. "केलेली सही पुसता येत नाही. पण बँकेशी बोलून बघू," म्हणाल्या. त्यांनी खटपट करून हप्ते लहान करून घेतले. त्यासाठी नवा कागद करायचा ठरला.

काल त्या कागदावर सही होती. रिक्षात मी डबीत सारखा खडखडत होतो. काढतील की नाही? महेंद्र शेजारी मान खाली घालून बसलेला. बँकेत साहेबांनी पेन पुढे केलं. "करा मावशी, तुमच्या वकिलांशी बोलणं झालंय."

डबी उघडली! विमलबाईंनी मला नाकावर चढवलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागल्या. मागे रांगेत कुणी तरी खाकरलं. बोट एका जागी थांबलं. "ह्यो म्होरं जे कर्ज काढंल, त्यालाबी मीच जामीन?"

साहेबांनी वकिलांना फोन लावला आणि ती ओळ खोडली.

विमलबाईंनी भाच्याकडे पाहिलं. "राग आला का रं?"

महेंद्रने खुर्ची जवळ ओढली. "न्हाई आत्या. मोठ्यानं वाच. तवा मीबी वाचलं नव्हतं."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. आजी, मामा, आत्या सही करायला निघाले की त्याला आधी डबीतून बाहेर काढा. घरच्या माणसासमोर वाचायला लाज कसली?

महेंद्र म्हणतोय, माझी काडी नवी करून आणतो. आणेल सावकाश. आधी त्याला पहिला हप्ता भरू दे, तोवर मला डबीत चैन पडायचं नाही.