एकतीस तारखेच्या आत

कोरिननं आपली गाडी बापाच्या फाटकात आडवी लावली, किल्ली कोटाच्या खिशात टाकली आणि दार इतक्या जोरात आपटलं की छपरावरचा बर्फ घसरून खाली आला. मागं रस्त्यावर गाडी ओढून नेणारा ट्रक थांबला होता. त्याच्या खिडकीतून लोकरी टोपीवाली एक बाई डोकावली.

"ताई, मला आत जायचंय हो. अजून सात गाड्या उचलायच्यात. आज एकतीस तारीख!"

"आठवी उचलायची नाही," कोरिन म्हणाली.

अंगणात तिचा धाकटा भाऊ टॉड कॉफीचा पेला धरून उभा होता. मोठ्या शहरातून सकाळीच आला होता आणि सगळं ठरवून मोकळा झाला होता. त्याच्या मागं बाबा, म्हणजे ओरविल नायगार्ड, वय वर्षं चौऱ्याऐंशी, बर्फात गुडघे टेकून आपल्या तपकिरी ब्यूक गाडीच्या नंबरपाटीचे स्क्रू काढत होते. गाडी दिली तरी पाटी आपल्याकडे ठेवायची, हा तिथला नियम. हातमोजे काढून शेजारी ठेवले होते आणि बोटं लालभडक झाली होती.

"गाडी काढ, कोरिन," टॉड म्हणाला.

"आधी बाबांना काय सांगितलंस ते सांग."

"हेच की वर्ष संपायच्या आत गाडी धर्मादाय संस्थेला दान केली तर करात सूट मिळते. खोटं आहे का?"

"तुझ्यासारख्याला मिळते. बाबांना नाही!"

कोरिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. दर वसंतात ती गावाच्या वाचनालयात बसून म्हाताऱ्यांचे कराचे कागद फुकट भरून द्यायची. सरकार सगळ्यांना एक सरसकट सूट देतं. घराचं कर्ज फिटलेल्या साध्या माणसाला तीच परवडते, आणि ती घेतली की दानाच्या पावतीला रद्दीइतकीही किंमत उरत नाही. दर वर्षी कोणी ना कोणी अशी पावती मिरवत तिच्या टेबलाशी यायचं, आणि त्याचं पडलेलं तोंड तिला बघावं लागायचं.

टॉडनं आवाज खाली आणला. "मग काय करू? अधू डोळ्यांचं नाव काढलं की ते तीन दिवस फोन उचलत नाहीत. सरकारचे पैसे बुडवायचे म्हटल्यावर लगेच तयार झाले."

"म्हणून बापाला गंडवायचं? गाव सहा मैल लांब आहे. गाडी गेली की ते या घरात कोंडले जाणार. निदान का, ते तरी खरं सांग! तुझी जीभ वळत नसेल तर मी सांगते."

"सांग. आणि मग ते कोणाच्या अंगावर गाडी घालतील तेव्हा तूच जा बघायला."

तिच्या तोंडावर आलेली शिवी बाबांच्या हाकेनं अडली.

"कोरिन! भांडून झालं असेल तर पुढचा कप्पा रिकामा कर. कागद सोडून सगळं घरात ने."

ती धुसफुसत ब्यूकमध्ये शिरली. कप्प्यात नकाशे होते, खोकल्याच्या गोळ्या होत्या आणि आईचा उन्हाचा चष्मा होता. सगळ्यांत खाली रुमालाची एक पुरचुंडी होती. तिनं ती सोडली. आत सायकलच्या चाकाला लावतात तसला नारिंगी रिफ्लेक्टर होता. अर्धाच. कडेला तुटलेला.

बाबा पाटी काखेत मारून दाराशी आले होते. तिच्या हातात काय आहे ते त्यांनी पाहिलं आणि स्क्रू मोजू लागले. दोनच स्क्रू होते.

"हे कुणाचं, बाबा?"

"ऑक्टोबरात. शाळेच्या वळणावर." ते थांबले. "आठेक वर्षांची पोर. मला दिसलीच नाही. नुसता आवाज आला."

कोरिननं रिफ्लेक्टरच्या तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"काही झालं नाही तिला. गुडघासुद्धा खरचटला नाही. उठली, सायकल उभी केली आणि मलाच म्हणाली, 'सॉरी, आजोबा.' मलाच!" त्यांचा आवाज रागानं थरथरत होता. "आणि मी म्हटलं, 'जपून चालवत जा.' असं म्हटलं मी तिला."

ट्रकवाल्या बाईनं एकदा भोंगा वाजवला. मग कोरिनला आपण कशासाठी आलो ते आठवलं.

"बाबा, ती कराची सूट..."

"साठ वर्षं माझे कागद मी भरतोय. पेन्सिलीनं. शिकवू नकोस मला." त्यांनी तिच्या हातातला रुमाल घेऊन खिशात कोंबला. रिफ्लेक्टर तिच्याकडेच राहिला. "टॉडला बोलू नकोस काही. आपण बापाला गुंडाळलं म्हणून खूश आहे तो. आणि मला गावात कॅफेतल्या मित्रांना सांगायला काहीतरी पाहिजे ना."

कोरिननं मूठ मिटली. निमूट जाऊन गाडी बाजूला घेतली. राग जराही उतरला नव्हता. फक्त आता तो टॉडवर काढता येत नव्हता आणि बाबांवरही येत नव्हता, त्यामुळे तो जास्तच जाळत होता.

गाडीच्या मालकीच्या कागदाच्या मागच्या बाजूला बाबांनी सही केली. साखळी लागली आणि ब्यूकची पुढची चाकं वर उचलली गेली. बाईनं पावती दिली.

"सांभाळून ठेवा, काका. कराच्या वेळी लागेल."

"ठेवतो की," बाबा म्हणाले.

रस्त्यापलीकडच्या अंगणात शेजारी आर्ने फावड्यानं बर्फ सारत होता. ट्रकमागं निघालेली ब्यूक बघून त्यानं फावडं रोवलं.

"काय रे ओरविल! बंद पडली वाटतं शेवटी?"

बाबांनी तोंड उघडलं. कॅफेत सांगायला घोकलेलं वाक्य ऐन वेळी त्यांना सापडेना.

"बंद कसली पडतेय!" कोरिन ओरडली, इतक्या तिडिकेनं की आर्ने दचकला. "दान केली! एकतीस तारखेच्या आत केली की कर वाचतो. तूही देऊन टाक ते तुझं खटारं!"

टॉड तिच्याकडे बघतच राहिला.

"बख्खळ वाचतो," बाबा आर्नेला म्हणाले. मग कोरिनकडे वळले. "चल, मला कॅफेत सोड."

पाटी काखेत धरून ते तिच्या गाडीपाशी गेले आणि सवयीनं चालकाच्या दाराला हात घातला. तसेच उभे राहिले थोडा वेळ. मग हात काढला आणि बर्फावरून एकेक पाऊल टाकत, गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले.