विजयश्रीचा कान

उद्धवरावांचे दोन्ही कान तालमीत घासून घासून मोडलेले, भज्यासारखे फुगलेले, आणि म्हाताऱ्याला त्याचा कोण तोरा! मोडका कान म्हणजे खरा पैलवान, हे चाकणच्या बाजूला शेंबडं पोरही सांगेल. म्हणून नात विजयश्री कुस्ती करून आली आणि "आबा, कान भणभणतोय, ऐकू कमी येतंय" म्हणाली, की हे बहाद्दर खूश. "आता कशी पैलवान झालीस!" म्हणून पाठ थोपटायचे. थोड्या दिवसांनी पोरीला पुन्हा ऐकू यायचं, पण दरवेळी आधीपेक्षा कमी. तिकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

शेवटी शाळेतल्या बाईंनी तगादा लावला. पोरीच्या बापाची, नवनाथची, कंपनीत शिफ्ट. म्हणून सांगवीला डॉक्टरांकडे आबाच तिला घेऊन गेले. कानाची तपासणी झाली, मग स्कॅन झाला. डॉक्टर निलोफरनी आतल्या कानाचं चित्र पडद्यावर लावलं.

"ही बघा, हाडातून जाणारी बारीक नळी. विजयश्रीची ही नळी जन्मापासूनच रुंद आहे. अशा मुलांच्या डोक्याला धक्का बसला की ऐकणं घसरतं. गेलेलं दरवेळी परत येतंच असं नाही."

"म्हंजे कुस्तीनं झालं व्हय?"

"नळी कुस्तीनं रुंद झालेली नाही. पण धक्के कुस्तीतलेच असणार. आजोबा, उरलंय ते जपायचं. कुस्ती बंद."

"वरनं तर कान शाबूत हाय की तिचा!"

डॉक्टरांनी पडद्यावरच्या नळीवर पुन्हा बोट ठेवलं. आबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोर आपल्या तोंडानं सांगत होती, आणि आपण शाबासकी देत बसलो.

विजयश्री शेजारीच बसली होती, पण डॉक्टरांचं हळू बोलणं तिला कळलं नव्हतं. वाटेत तिनं विचारलं, तर आबा म्हणाले, नंतर सांगतो. संध्याकाळी ती नेहमीसारखी तालमीत पळाली.

आबा मागून गेले. ती पाठमोरी बैठका मारत होती.

"विजू, बास कर," ते दारातूनच ओरडले. "आजपासनं कुस्ती न्हाई!"

सगळी तालीम थांबली. धरलेल्या जोड्या सुटल्या, पोरं आबांकडे बघायला लागली. विजयश्रीच्या बैठका चालूच होत्या.

आबा मातीत उतरले, तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांना बघून ती हसली. त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, पण अगदी हळू.

"मोठ्यानं सांगा की, आबा," ती म्हणाली.