माझ्या पाठीवर कुणी बसत नाही

मी बैल बोलतोय. देवणी बैल. अंग पांढरं, तोंडाच्या बाजू काळ्या. आमच्यात अशाला वानेरा म्हणतात. नाव नवाब. मी चारा खात नाही, शेण टाकत नाही, म्हातारा होत नाही, कारण मी कॉम्प्युटरच्या एका खेळात राहतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माणसांच्या हसण्याची मला पर्वा नाही. मी माणसं काचेच्या आतून पाहिली आहेत. खेळ खेळताना माणसाचं तोंड उघडं राहतं, जीभ कोपऱ्यात येते आणि भुवया वर चढतात. असं तोंड गोठ्यातलं वासरूसुद्धा करत नाही.

जन्मानं मी घोडा. खेळ परदेशी आहे. त्यात बर्फाचे डोंगर, दगडी किल्ले, आग ओकणारे उडते राक्षस आणि तलवार घेऊन फिरणारा एक वीर. या वीरानं कुठंही जावं, काहीही करावं, कुणी अडवत नाही. माणसाला एवढी मोकळीक दिली की तो काय करतो? लोकांच्या घरात शिरून मडकी फोडतो. या वीराला बसायला जो तपकिरी, बिनअकलेचा घोडा दिलेला असतो, तो मी होतो.

मला बैल केलं आनंदराजनं. शिरूर अनंतपाळकडच्या एका गावातल्या निवृत्ती आणि पंचशीला यांचा हा थोरला मुलगा. तो नांदेडला शिकायला गेला आणि भाड्याच्या खोलीत राहिला. तिथं त्याला नजीर भेटला. नजीरचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं पडीक माल जोडून आनंदराजला कॉम्प्युटरचा एक डबा बांधून दिला. आनंदराज त्यावर हा खेळ खेळला आणि खेळून कंटाळला तेव्हा खेळ आतून बदलायला लागला. ही पोरं त्याला मॉड म्हणतात. कुणी तलवार बदलतं, कुणी बायकांचे कपडे बदलतं, म्हणजे बहुतेक कमीच करतं. आनंदराजनं घोडा बदलला.

त्यासाठी तो सुट्टीत गावी आला. घरच्या गोठ्यात खरा नवाब होता, अजून आहे. दिवसभर माशा हाकलतो आणि रवंथ करतो, त्याच्याबद्दल जास्त बोलण्यासारखं काही नाही. आनंदराजनं मोबाइलनं त्याचे चारी बाजूंनी फोटो काढले. कासरा धरायला धाकटा भाऊ होता, प्रेम. यानं आठवीत शाळा सोडली आणि तेव्हापासून गुरं सांभाळतो. डोकं गरम, हात त्याहून गरम.

“दादा, मागून कशाला फोटू काढायलास? त्याची इज्जत काढायलास का?”

“सरळ धर की. हलवू नको.”

“त्या खेळात काय करणार हाय नवाब?”

“वीर त्याच्यावर बसून राक्षस मारतंय.”

प्रेमनं कासराच सोडून दिला. “बैलावर बसतंय? तुझा तो वीर लई हरामखोर दिसायलाय मला. बैलावर कुणी बसतंय का रे दादा?”

आनंदराज इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. त्या हसण्यातच त्याच्या डोक्यात काहीतरी आलं असावं.

माझं बाळंतपण सोपं नव्हतं. पहिल्या दिवशी माझी शिंगं माझ्या मागून चालत होती. दुसऱ्या खेपेला वशिंड पोटाखाली आलं. नजीर बघायला आला की म्हणायचा, “यार, ये तो ऊंट हो गया,” आणि आनंदराज त्याला चप्पल फेकून मारायचा. शेवटी शिंगं डोक्यावर आली, कातड्याची पोळी गळ्याखाली लोंबली, घुंगरमाळ वाजू लागली. चाल मात्र घोड्याचीच राहिली. हा डाग माझ्यावर अजून आहे.

मग त्यानं मला इंटरनेटवर टाकलं आणि जगभरच्या लोकांनी मला उतरवून घेतलं. एकानं लिहिलं, गाय छान आहे. दुसऱ्यानं विचारलं, हिला पंख लावता येतील का. आनंदराज प्रत्येकाला न चिडता उत्तर देत बसायचा की गाय नाही, देवणी बैल आहे. त्याच्या जागी मी असतो तर शिंगावर घेतलं असतं.

पण त्याच्या स्वतःच्या डब्यात जो मी होतो, त्यात त्यानं आणखी एक गोष्ट घातली. ती जगाला दिली नाही. एका दुपारी त्यानं नजीरला खोलीबाहेर काढलं, डोक्यावरून चादर घेतली आणि मोबाइल तोंडाशी धरून काहीतरी बोलला. ते बोलणं त्यानं माझ्या पाठीत ठेवलं. मग गावाहून आणलेला शिंगांना लावायचा लाल रंग काढून कीबोर्डच्या काही बटणांवर ठिपके दिले, कारण प्रेमला इंग्रजी अक्षरं धड येत नाहीत. आणि गावी फोन केला.

“प्रेम्या, डबा घेऊन येतो पुढच्या खेपेला. नवाबात तुझ्यासाठी एक गंमत ठेवलीय. तू शोध.”

“काय ठेवलास?”

“शोध म्हणलं ना.”

त्यानंतर तो दोन दिवसांसाठी म्हणून, डबा खोलीवरच ठेवून, मोटारसायकलवर गावी निघाला. वाटेत लोहा गावाच्या पुढं एका ट्रकनं त्याला उडवलं. तो गेला, मोबाइलचा चुरा झाला. ट्रक कुणाचा ते कुणाला कळलं नाही.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्याच्या मागच्या विधीला, लोक आले. खाली सतरंजीवर बसून एक जण म्हणाला, एवढं हुशार पोरगं, खेळापायी वाया गेलं. हा माणूस गावच्या पारावर दिवसभर पत्ते कुटतो. प्रेम त्याच्या अंगावर धावून गेला, चौघांनी धरला. माझं ऐकाल तर धरायला नको होता.

नजीरनंच डबा गावी आणून दिला. तेव्हा घरच्यांच्या ध्यानात आलं की आनंदराजचे फोटो ढीगभर आहेत, पण त्याचा आवाज कुठंच नाही. मित्रांना तो टाइप करून पाठवायचा. प्रेमला वाचायचा कंटाळा, म्हणून त्याला फोन करायचा. फोन बोलून झाला की संपला. आवाज उरला होता तो फक्त माझ्यात. पण कुठं, ते कुणालाच माहीत नव्हतं.

“आवाज भरना था, मेरेको बाहर निकाला उसने,” नजीर डोळे पुसत म्हणाला. “म्हणला, हे घरचं हाय. मी आत शोधून बघितलं रे प्रेम्या. हजारो आवाज हायेत, वाऱ्याचे, पाण्याचे, दारांचे. नावं सगळी आकड्यांची. दुसऱ्या डब्यात नेला खेळ तर पासवर्ड मागतंय, आणि पासवर्ड त्याच्यासंगं गेला. खेळूनच सापडंल.”

मग त्यानं लाल ठिपके समजावले. “हे चालायचं. हे नवाबला हाक मारायचं. हे पाणी दाखवायचं. आणि हे वर बसायचं.”

“बसायचं?” प्रेम म्हणाला. “दादाला काय येड लागलं होतं?” आणि त्यानं त्या बटणावरचा रंग नखानं खरवडून टाकला. माझ्यासमोर. आवाज ज्या बटणाखाली होता, बरोबर त्याच बटणावरचा.

त्या दिवसापासून मी माणसांविषयीची उरलीसुरली आशा सोडली.

रोज गुरांचं उरकलं की दुपारी प्रेम काचेसमोर बसायचा. त्याच्याइतका वाईट खेळाडू मी पाहिला नाही. राक्षस आला की हा पळायचा आणि मलाही पळवायचा. वीराच्या हातात तलवार होती, ती त्यानं फेकून दिली. बैल हाकायला तलवार कशाला? अख्खी ती दुनिया तो माझ्यापुढं पायी चालत फिरला. बर्फात फिरला, जंगलात फिरला, किल्ल्यांच्या तळघरात मला घेऊन शिरला. चढण आली की थांबायचा, मला दम लागला असेल म्हणून. मला दम लागत नाही रे मूर्खा, मी चित्र आहे! नदी दिसली की पाणी दाखवायचा. मी मान खाली घालून प्यायचो, तोवर हा उभा.

खेळातल्या गावकऱ्यांशी मराठीत बोलायचा. “दादाला बघितलास का?” ते इंग्रजीत काहीतरी सांगायचे, की राजा मेला आहे, की कोबी स्वस्त आहे. हा मान हलवायचा. प्रत्येक घरात शिरून मडक्यात डोकवायचा, फोडायचा मात्र नाही. माझ्या घुंगरमाळेला कान लावायचा, म्हणजे काचेला. शिंगं तपासायचा, खूर तपासायचा.

आणि आवाज माझ्या पाठीत. मी ओरडून सांगत होतो, पण मला एकच आवाज दिलाय, तो खऱ्या नवाबाचा. मी हंबरलो की हा म्हणायचा, “भूक लागली का रे?”

सगळ्या जगात फक्त या एका घरातल्या माणसाकडून ही चूक होऊ शकत होती. तिकडं परदेशात कुणीही पोरगं येतं, काही न विचारता पाठीवर चढतं आणि टाच मारतं. हा बिनशिकला मात्र माझा मान राखत बसला होता.

पावसाळा सरत आला तेव्हा निवृत्तीनं ठरवलं की डबा लातूरला द्यायचा. प्रेमची चुलत बहीण विशाखा तिथं खोली घेऊन डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करते. तिला अभ्यासाला हवा होता. रविवारी नजीर येऊन आतलं सगळं पुसणार आणि विशाखा तो घेऊन जाणार.

“अजून सापडलं न्हाई, बाबा.”

“पोरीचं शिक्षण हाय, प्रेम. खेळ हाय का हे?”

“मग काय खेळ खेळायलोय मी?”

निवृत्ती वैरण टाकायला निघून गेला. त्या म्हाताऱ्याला वाटत होतं की आत काही नाहीच, आणि पोरगं काचेला डोकं लावून वेडं होणार. या दुसऱ्या गोष्टीपुरती त्याची बुद्धी बरी होती.

रविवारी नजीर आला, विशाखा आली. पंचशीला आत भाकरी थापत होती. नजीर म्हणाला, “सरक भाई, बंद करतो.” आणि प्रेमचं डोकं फिरलं.

“कुणी हात लावायचा न्हाई! नवाबला दुसऱ्यानं पुसण्यापरीस मीच संपवतो.”

“काय करायलास?” निवृत्ती ओरडला.

“कड्यावरनं घालतो खाली. वीर बी जाऊ दे आन् बैल बी जाऊ दे.”

त्यानं मला डोंगराच्या टोकाला नेलं. वीर कड्याशी उभा राहिला, मागं मी. त्यानं हाक मारली, मी हललो नाही. हाक मारली की कड्यावरून उडी घेईन, एवढं मूर्ख मला आनंदराजनं केलेलं नव्हतं. दुसऱ्यांदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली.

“चल की! चल!” तो रडत होता. मग त्यानं, आयुष्यात पहिल्यांदा, खरवडलेल्या बटणावर मूठ आपटली. वीर माझ्या पाठीवर चढला.

“ए प्रेम्या! उतर खाली!”

भाकरीचा आवाज थांबला.

“बैलावर बसतेत का रे, येड्या? तूच मला सांगत होतास न्हवं? सापडलास का न्हाई! उतर. उतर म्हणतो ना. आदुगर त्याला पाणी दाखव.” आणि मग तेच हसणं, खाली बसायला लावणारं.

पंचशीला पिठाच्या हातानं दारात आली. “आनंदा आला?”

प्रेमनं वीराला खाली उतरवलं होतं.

“पुन्हा लाव,” निवृत्ती म्हणाला.

“दादा उतर म्हणला, बाबा.”

“मी सांगतो. बस.”

तो बसला. शिवी खाल्ली, उतरला. निवृत्तीनं पंचशीलाला खुर्चीवर बसवलं आणि तिचं बोट बटणावर ठेवलं. ती बसली तरी आवाज म्हणाला, ए प्रेम्या, उतर खाली. ती माउली म्हणाली, “उतरते बाबा, उतरते.” नजीर भिंतीकडं तोंड करून उभा. अख्खं खानदान एकामागून एक माझ्या पाठीवर चढलं. आनंदराजनं गंमत भावासाठी केली होती, आणि हे सगळे ओळीनं चढून रडत होते. मग लाईट गेली.

त्या काळोख्या काचेसमोर विशाखा म्हणाली, “पुसता कशाला? मला काय अख्खा डबा लागतोय? राहू द्या की एका कोपऱ्यात.” डबा द्यायचं ठरल्यापासून ही साधी गोष्ट त्या घरात कुणालाच सुचली नव्हती. शिकलेल्या नजीरलाही नाही. त्या पोरीनं मोबाइलवर तो आवाज उतरवून घ्यायचंही ठरवलं. लाईट आल्यावर घेतलाही.

आता मी लातूरला असतो. माझ्या एका बाजूला बेडकाचं पोट फाडलेलं चित्र, दुसऱ्या बाजूला झाडाच्या मुळ्या. विशाखा वाचून थकली की मला उघडून बघते आणि बंद करते. ती बसत नाही.

पण तुम्हाला सांगतो, माणसं रडायला लागली की त्यांना अर्धंच ऐकू येतं. आनंदराजनं दोन गोष्टी सांगितल्या होत्या. त्या दिवशी सगळ्यांनी पहिलीच ऐकली, उतर. दुसरी कुणी केली नाही. म्हणून तुमच्याही घरी कुणी काही ठेवून गेलं असेल, तर मान राखत लांब उभे राहू नका. आणि जे सांगितलं ते शेवटपर्यंत ऐका. हे मी बैल असून सांगतोय, यावरून तुमची किंमत ओळखा.

मागच्या रविवारी प्रेम एसटीनं आला. खुर्चीत बसला, घाम पुसला, वीराला माझ्या पाठीवर बसवलं. शिवी खाल्ली, उतरला.

“विशे,” तो म्हणाला, “पाणी दाखव म्हणला होता ना त्यो?”

त्यानं मला डोंगरावरून सावकाश खाली उतरवलं. पुढं तो, मागं मी, दोघंही पायी. नदी आली. आधी शंभरदा पाणी पाजलं होतं त्यानं, पण बसून, उतरून मग पाणी, असं पहिल्यांदाच. मी मान खाली घातली, पाण्याला तोंड लावलं आणि माझ्या गळ्यातून आनंदराज हळूच म्हणाला,

“आता कसं!”